आज्जीचा खोकला आणि सापाची गोळी

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.)

आजच्या भागात कोडिंग आहे, पण ते बरंच पुढे येईल. आधी एक खोकला आहे. कोरडा, रात्री झोपू न देणारा, चार महिने चाललेला. माझ्या आज्जीचा.

आमचं गाव वेल्ह्यात. सरकारी कागदावर आता राजगड तालुका झालाय, पण एसटीची वाट बघणारी माणसं अजून वेल्हंच म्हणतात. घराच्या ओट्यावरून तोरणा दिसतो, पावसाळ्यात तोही दिसत नाही. आज्जीचं माहेर भोर तालुक्यातलं, भाटघरच्या पाण्याच्या काठचं. वय पंच्याहत्तरच्या पुढे. पोलिओच्या डोसाला पोरं उचलून नेण्यापलीकडे तिचा दवाखान्याशी फारसा संबंध आला नव्हता. गेल्याच्या गेल्या दिवाळीत गावात तपासणीची गाडी आली, बीपी निघालं, आणि तालुक्याला दाखवल्यावर गोळी सुरू झाली. रॅमिप्रिल, पाच मिलिग्रॅम, रोज एक.

तुळशीचं लग्न लागलं आणि खोकला सुरू झाला.

ही तारीख मी नाही, आज्जीनं सांगितली. तिच्या डोक्यात कॅलेंडर सणांचंच असतं. ती पहिल्या आठवड्यापासून म्हणत होती, "आरं, ती गोळी घ्याया लागल्यापास्नं घसा खवखवतोय बग." आणि आम्ही सगळे, म्हणजे आई, काका, आणि पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर शहाणपण शिकवणारा मी, एकच म्हणत होतो: थंडी पडलीये, धूर होतो चुलीचा, गोळीनं कुठं खोकला येतो का? बीपीची गोळी आहे ती, घशाचा काय संबंध? मी तर एकदा आवाज चढवून बोललो. "आज्जी, काहीही झालं तरी गोळी सोडायची नाही." बीटेक झालेल्या नातवाचा शब्द. तिनं मान डोलावली.

मग उपचार चालू. शेजारच्या काकूंनी कुंपणाचा अडुळसा तोडून काढा करून दिला. अडुळसा आमच्याकडे बांधाला लावतातच, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून. मी पुण्याहून खोकल्याच्या बाटल्या पाठवल्या, एकामागून एक सहा. भोरला नेऊन छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, टीबी नाही निघाला. थुंकी तपासायलाही मुश्किलीनं मिळाली, कारण खोकला कोरडा होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

महाशिवरात्रीच्या आसपास खोकला थांबला. आम्ही खूश. सहाव्या बाटलीचा गुण, असं मी ठरवून टाकलं. होळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी एके सकाळी आज्जी भाकरी थापत होती आणि डाव्या हातातून काठवट सुटली. तोंड वाकडं नाही, बोलणं ठीक, पण हात ऐकेना. काकांनी जीप काढली. चेलाडी फाट्यापर्यंतचा तो रस्ता त्या दिवशी किती लांब वाटला ते काका अजून सांगतात. बीपी दोनशेदहाच्या वर होतं. मेंदूत छोटा झटका. आणि घरी आईनं तांदळाची कणगी उघडली तर आत रॅमिप्रिलच्या भरलेल्या पट्ट्या. आज्जीनं गोळ्या कधीच्या बंद केल्या होत्या. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून फेकल्या नव्हत्या, लपवल्या होत्या.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पट्टी हातात घेतली, नाव वाचलं, आणि आज्जीला विचारलं, "गोळी घेताना खोकला यायचा का हो?" आज्जी माझ्याकडे बघत म्हणाली, "मी ह्येच सांगत व्हते."

तर हा भाग त्या एका वाक्यामुळे आहे.

आधीच्या डॉक्टरांवर मी काही बोलणार नाही. महिन्यानं दाखवायला या, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. आम्ही नेलं नाही. पण मला त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून एक गोष्ट चावत होती. डॉक्टरबाईंना नुसतं नाव वाचून कसं कळलं? मी आठ वर्षं कोड लिहितोय, लॉगमधली एक ओळ बघून बग कुठे आहे ते मला कळतं. हे तसंच काहीतरी होतं. बारावीची केमिस्ट्री मी सीईटीपुरती घोकली आणि त्याच संध्याकाळी विसरलो. ती पुन्हा उघडावी लागली.

पहिली गोष्ट कळली ती अगदी सोपी. गोळीच्या खऱ्या नावाचं शेपूट बघायचं. कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव नाही, खाली बारीक अक्षरात असतं ते. शेवटी 'प्रिल' असेल तर एक घराणं: कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल, रॅमिप्रिल. 'सार्टान' असेल तर दुसरं. 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलवालं. औषधांची नावं अशी मुद्दाम ठरवलेली असतात, घराणं ओळखता यावं म्हणून. डॉक्टरबाईंनी शेपूट वाचलं होतं. प्रिल घराण्याच्या गोळ्या घेणाऱ्या शंभरातल्या साधारण पाच ते वीस जणांना असा कोरडा खोकला येतो, बायकांमध्ये जास्त. पुस्तकात ठळक लिहिलेलं आहे.

आता का येतो? इथून खरी मजा आहे, आणि ती सुरू होते सापापासून.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे, आपल्या घोणसाच्या लांबच्या नात्यातला. १९४८ मध्ये मौरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या सापाचं विष रक्तात मिसळलं की एक पदार्थ तयार होतो, ज्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. त्याचं नाव ब्रॅडिकिनिन. पुढे त्यांचा शिष्य सेर्जिओ फेरेरा यानं १९६५ च्या सुमारास आणखी एक गोष्ट पकडली. विषात असा घटक आहे की तो ब्रॅडिकिनिनचा परिणाम वाढवतो, कारण ब्रॅडिकिनिन मोडणाऱ्या यंत्रणेलाच तो अडवतो. फेरेरा तो घटक घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. पुढे लक्षात आलं, की ब्रॅडिकिनिन मोडणारं एन्झाइम आणि रक्तदाब वाढवणारं एक एन्झाइम, दोन्ही एकच आहेत. त्याला म्हणतात एसीई.

हे एसीई मला गावच्या कोतवालावरून समजलं. जुन्या गावगाड्यात कोतवाल दोन कामं करायचा असं समजा. दवंडी पिटायची आणि चावडी झाडायची. एसीई तसंच आहे. अँजिओटेन्सिन नावाची दहा मण्यांची माळ येते, त्यातले शेवटचे दोन मणी ते तोडतं, आठ मण्यांची माळ उरते, आणि ती माळ म्हणजे दवंडी: रक्तवाहिन्यांनो, आवळा! बीपी वर. दुसरं काम, ब्रॅडिकिनिनचा कचरा झाडायचा. आता बीपी जास्त आहे म्हणून तुम्ही कोतवालाला घरी बसवलंत. दवंडी थांबली, बीपी उतरलं. पण चावडीत कचरा साठायला लागला. ब्रॅडिकिनिन आणि त्याचे भाऊबंद श्वासनलिकेत साठतात, तिथल्या नसांना चेतवतात, आणि माणूस खोकत बसतो. कफ नाही, इन्फेक्शन नाही.

म्हणजे गोळी बिघडली नव्हती. गोळी आपलं काम चोख करत होती, आणि त्याच कामाचं दुसरं टोक आज्जीच्या घशात होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला साइड इफेक्ट म्हणतो तेव्हा आपण गंमत करतो. इथे ते नाव शब्दशः खरं आहे.

आणि आता त्या कोरड्या खोकल्याच्या मुद्द्यावर या. अडुळशात वासिसिन नावाचा अल्कलॉइड असतो. त्या रेणूवरूनच केमिस्टांनी ब्रोमहेक्झिन बनवलं, ते १९६३ मध्ये बाजारात आलं. शरीरात ब्रोमहेक्झिनचं जे रूपांतर होतं त्यापैकी एक म्हणजे अँब्रोक्सॉल, तेही पुढे स्वतंत्र औषध झालं. तुमच्या घरातल्या खोकल्याच्या बाटलीवर यांपैकी एक नाव सापडण्याची शक्यता बरीच आहे. माझ्या सहापैकी चार बाटल्यांवर होतं. म्हणजे काकूंचा काढा आणि माझी बाटली, दोन्ही एकाच बांधावरची. आणि दोन्हींचं मुख्य काम काय, तर घट्ट कफ पातळ करणं. आज्जीला कफ नव्हताच. पातळ करणार काय? मी काढ्याला मनातल्या मनात हसत होतो आणि त्याच झुडपाच्या नातवाला बाटलीमागे दोनशे रुपये देत होतो.

(तेवढ्यात सांगून ठेवतो, गरोदर बाईला अडुळशाचा काढा देऊ नका. वासिसिन गर्भाशयावरही काम करतं. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात, हे वाक्य कुणी बोललं की मला हल्ली राग येतो.)

बरं, परत सापाकडे. कारण ड्रग डिझाइन म्हणजे काय, हे मला ज्या गोष्टीतून कळलं ती इथे आहे.

विषातला घटक अमेरिकेत स्क्विब कंपनीत पोचला. तिथे मिगेल ओंडेट्टी आणि डेव्हिड कुशमन काम करत होते. त्यांनी विषातली नऊ मण्यांची एक माळ कृत्रिमरीत्या बनवली, टेप्रोटाइड. माणसाला इंजेक्शननं दिली तर बीपी उतरायचं. पण गोळी करून दिली की शून्य. का? कारण ती माळ म्हणजे प्रथिनाचा तुकडा. पोटाला डाळ आणि टेप्रोटाइड यात फरक कळत नाही, दोन्ही पचवून टाकतं. शिवाय रेणू मोठा, वजन अकराशेच्या आसपास. आतड्याच्या भिंतीतून आत जाणार कसा? रोज सकाळी आज्जीला इंजेक्शन कोण देणार?

इथे तुम्हाला लिपिन्स्कीचा नियम भेटतो. फायझरमधल्या ख्रिस्तोफर लिपिन्स्कींनी १९९७ मध्ये मांडलेला, म्हणजे टेप्रोटाइडच्या बराच नंतरचा. तोंडानं घ्यायच्या औषधाचं रेणुभार साधारण ५०० च्या आत हवं, हायड्रोजन बंध देणाऱ्या जागा पाचपेक्षा जास्त नकोत, घेणाऱ्या दहापेक्षा जास्त नकोत, आणि तेलात विरघळण्याचं प्रमाण मोजणारा आकडा पाचच्या आत. याला नियम म्हणतात, पण तो लिंटरच्या वॉर्निंगसारखा आहे. मोडला तर बिल्ड फेल होतंच असं नाही, पण दोनदा विचार करा.

मग ओंडेट्टी-कुशमननी काय केलं? त्यांच्याकडे एसीईचा नकाशा नव्हता. म्हणजे एन्झाइमचा त्रिमितीय आकार कुणालाच माहीत नव्हता, तो २००३ साली कळला. सोर्स कोड नसताना बाहेरून इनपुट देऊन आउटपुट बघायचं, तसं काम. पण त्यांना एक धागा मिळाला. कार्बोक्सिपेप्टिडेज ए नावाचं दुसरं एन्झाइम होतं, त्याचा आकार माहीत होता. तेही माळेचं टोक तोडायचं, तेही जस्ताच्या अणूनं. विळ्याचं पातं म्हणा ना. आणि १९७३ मध्ये कुणीतरी दाखवलं होतं की बेंझिलसक्सिनिक अ‍ॅसिड हा छोटासा रेणू त्या पात्याला धरून बसतो.

आता विचार बघा किती साधा आहे. ते एन्झाइम शेवटचा एक मणी तोडतं, आपलं एसीई शेवटचे दोन. म्हणजे आपल्या रेणूत जस्ताला धरणारा हात आणि शेपूट यांच्यामधलं अंतर एका मण्यानं वाढवायला हवं. शेपटीला कोणता मणी? सापाच्या माळेच्या टोकाला प्रोलीन होतं, तेच घ्या. लाखो वर्षांत सापानं जे ठरवलं त्याच्याशी वाद कशाला? झाला पहिला रेणू, सक्सिनिल प्रोलीन. चालला, पण अगदी कमजोर. त्याला एका ठरावीक जागी एक छोटा मिथाइल गट लावला, एक कार्बन फक्त, ताकद दहा-पंधरापट वाढली. आणि मग मुख्य बदल. जस्ताला धरणारा हात ऑक्सिजनवाला होता, तो काढून तिथे गंधकाचा हात लावला. जस्ताला गंधक फार प्रिय. ताकद साधारण हजारपट! एक फंक्शनल ग्रुप बदलला आणि हजारपट. हा रेणू म्हणजे कॅप्टोप्रिल. १९७७ मध्ये जाहीर झाला, १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. रेणुभार २१७. विषातल्या माळेच्या पाचव्या हिश्श्याइतका, आणि तोंडानं घेता येणारा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून उभा राहिलो होतो. बारावीत 'कार्बोक्सिल गट, थायॉल गट' अशी नुसती नावं घोकली होती. हे हात आहेत, प्रत्येकाला कुणाला धरायचं ते ठरलेलं आहे, आणि औषध बनवणं म्हणजे योग्य हात योग्य अंतरावर लावणं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! तेवढ्यासाठी मी बारावीचं पुस्तक परत वाचलं आणि ते चांगलं पुस्तक आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

गंधकाची किंमतही मोजावी लागली. कॅप्टोप्रिलच्या गोळीला कुजक्या अंड्यासारखा वास असतो. काहींच्या तोंडाची चव जायची, काहींना पुरळ यायचं. म्हणून मर्क कंपनीच्या केमिस्टांनी गंधक काढून ऑक्सिजनचा हात परत आणला आणि गेलेली ताकद दुसऱ्या बाजूला पकड वाढवून भरून काढली. पण या नव्या रेणूवर इतका विद्युतभार, की तो आतड्यातून जाईना. मग त्याला एस्टरचं इरलं घातलं. भातलावणीत बायका डोक्यावर इरलं घेतात, घरी आल्यावर काढून भिंतीला टेकवतात. तसंच. एस्टर घालून रेणू आतड्यातून पार होतो, आणि यकृत वगैरे ठिकाणी ते इरलं उतरतं, खालचा खरा रेणू कामाला लागतो. अशा औषधाला प्रोड्रग म्हणतात. एनालाप्रिल असं झालं आणि आज्जीची रॅमिप्रिलही अशीच. पोटात जाते ती रॅमिप्रिल, काम करते ती रॅमिप्रिलॅट.

वास गेला, चव परत आली. खोकला मात्र राहिला. कारण खोकला गंधकाचा नव्हताच. तो कोतवालाला घरी बसवल्याचा होता, आणि नवा रेणू कितीही सुबक केला तरी बसवत होता कोतवालालाच. चूक रेणूत असेल तर रेणू बदलून भागतं. चूक जागा निवडण्यात असेल तर जागाच बदलावी लागते. 'सार्टान' घराणं तेच करतं. लोसार्टान १९९५ मध्ये आलं, मग टेल्मिसार्टान वगैरे. कोतवालाला हातच लावत नाही. त्याला दवंडी पिटू दे, चावडी झाडू दे, पण गावकऱ्यांच्या कानात बोळे घाला. रक्तवाहिन्यांवर जिथे ती आठ मण्यांची माळ बसते ती जागाच अडवून ठेवायची. कचरा साठत नाही, म्हणून तसा खोकला सहसा येत नाही. आज्जीला डॉक्टरबाईंनी टेल्मिसार्टान दिली.

आता येऊ कोडिंगकडे. इथे माझी फजिती आहे, ती ऐकायला तुम्हाला आवडेल.

आज्जी घरी आली, हाताचे व्यायाम सुरू झाले, आणि मला वाटलं की आपण हे कॉम्प्युटरवर बघू. सगळं फुकट मिळतं. आरडीकिट नावाची पायथन लायब्ररी आहे, पिप इन्स्टॉल केली की झालं. रेणू एका ओळीच्या स्ट्रिंगमध्ये लिहितात, त्याला स्माइल्स म्हणतात. कॅप्टोप्रिल म्हणजे तीसेक अक्षरांची ओळ, आपल्या पासवर्डपेक्षा थोडी लांब. त्यात मधे दोनदा 'अ‍ॅट' चं चिन्ह येतं, ते डावा-उजवा सांगतं. रेणूलाही डावा-उजवा असतो, आणि चुकीच्या हाताचा हातमोजा एसीईला बसत नाही. ते चिन्ह टाइप करायला विसरलात तर कॉम्प्युटर एरर देत नाही, हे वाईट.

मग प्रोटीन डेटा बँकेतून एसीईचा नकाशा उतरवला, एक ओ आठ सहा या नोंदीचा. मिळालेला नकाशा साफ करायला एक स्क्रिप्ट लिहिली. फाइलमध्ये प्रथिनाचे अणू वेगळे आणि बाकीचे, म्हणजे पाणी वगैरे, 'हेटअ‍ॅटम' नावाच्या ओळींत असतात. मी एका ओळीत सगळे हेटअ‍ॅटम उडवले. स्वच्छ. मग ऑटोडॉक विना चालवलं. हे सॉफ्टवेअर रेणू प्रथिनाच्या खाचेत फिरवून बसवून बघतं आणि एक आकडा देतं, जितका जास्त उणे तितकी पकड घट्ट.

निकाल? कॅप्टोप्रिलपेक्षा अडुळशाचं वासिसिन वरचढ.

मी खुर्चीतून उडालो. वेल्ह्याच्या बांधावरचं झुडूप बीपीच्या प्रसिद्ध औषधापेक्षा भारी! फॅमिली ग्रुपवर टाकायला मेसेज टाइप केला होता. खरंच. शेवटी तोरण्याचा फोटोही जोडला होता. पाठवायच्या आधी एका मित्राला फोन केला, तो फार्मसी शिकलाय. त्यानं एकच विचारलं, "जस्त ठेवलंस ना?"

जस्त हेटअ‍ॅटममध्ये असतं. मी पातंच उपटून टाकलं होतं आणि विळ्याची धार मोजत होतो.

बरं, जस्त परत घालून चालवलं तरी चित्र फार सुधारत नाही, कारण धातू आणि गंधक यांची ओढ विनाच्या साध्या हिशेबात नीट धरली जात नाही. दुसरी चूक, मी रॅमिप्रिल बसवून बघत होतो, इरल्यासकट. ती तर तिथे त्या रूपात कामच करत नाही, रॅमिप्रिलॅट बसवायला हवी होती. आणि तिसरी गोष्ट, मोठ्या रेणूला जास्त हात, म्हणून आकडा आपोआप जास्त उणे येतो. आकडा मोठा म्हणजे औषध मोठं, असं होत नाही.

हे मी का सांगतोय? कारण 'अमुक वनस्पतीतला घटक तमुक रोगावर प्रभावी, संगणकीय अभ्यास' असे फॉरवर्ड तुमच्याही फोनवर येतात. त्यातले कित्येक माझ्या त्या रात्रीच्या स्क्रिप्टसारखे असतात. डॉकिंग वाईट नाही. हजार रेणूंतून आधी कोणते पन्नास बघायचे हे ठरवायला ते कामाचं आहे. पण त्यानंतर परीक्षानळी आहे, मग पेशी, मग प्राणी, मग माणसं, आणि त्यात वर्षं जातात. आणि आज्जीच्या खोकल्यासारखी गोष्ट तर माझ्या लॅपटॉपवर कधीच दिसली नसती, कारण मी फक्त एसीईच्या खाचेकडे बघत होतो. ब्रॅडिकिनिन त्या फाइलमध्ये नव्हतंच.

उलटही आहे. झाडपाल्यातून, विषातून काही मिळतच नाही असं म्हणणारेही चूक. आमच्याकडे सड्यावर दगडाखाली सापडणारं फुरसं, वीतभर साप, त्याच्या विषातल्या एका प्रथिनाची तीन मण्यांची पकड बघून टिरोफिबान बनलं. हृदयविकाराच्या रुग्णात रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून ते शिरेतून देतात, १९९८ पासून. आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं, त्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. कामाला जाता-येता पिंपरी लागते तेव्हा मला आता त्याची आठवण येते. पूर्वी फक्त ट्रॅफिक आठवायचा.

शिकायचं असेल तर कुठून, असं बरेच जण विचारतील म्हणून पटकन सांगतो. बारावीच्या पुस्तकातलं सेंद्रिय रसायन आणि जैवरेणूंचं प्रकरण. मग ग्रॅहम पॅट्रिक यांचं मेडिसिनल केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक, सगळं वाचू नका, औषधांच्या गोष्टी आहेत तेवढ्या वाचा. आयसर पुण्याच्या प्राध्यापकांचा एनपीटीईएलवर कोर्स आहे, फुकट. पबकेम आणि केंबल उघडून घरातल्या एकेका पट्टीवरचं नाव टाका. मी अजून तेच करतोय, आईच्या थायरॉइडच्या गोळीपर्यंत पोचलोय. आणि कृपा करून, हा भाग ऐकून घरातल्या कुणाचीही गोळी बंद करू नका. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा. आमच्याकडे गोळी न सांगता बंद झाली, त्याचं काय झालं ते मघाशी सांगितलंच.

आज्जीचा खोकला परत आलेला नाही. डाव्या हाताची दोन बोटं अजून थोडी बधिर आहेत, भाकरी आता आई थापते आणि आज्जी बाजूला बसून ती जाड झाली म्हणून सांगते. गेल्या रविवारी मी तिला सगळी गोष्ट सांगितली. ब्राझीलचा साप, नऊ मण्यांची माळ, गंधकाचा हात, कोतवाल. कोतवाल तिला लगेच पटला. मग तिनं टेल्मिसार्टानची पट्टी उचलून माझ्यापुढे धरली.

"आणि ही रं? ही कंच्या सापाची?"

ही सापाची नाही, म्हटलं. ही माणसांनी आपल्या डोक्यानं काढलीये. तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"मग हिचं काय दुखणं निघालं तर आता माझं ऐकशील न्हवं?"

मी वही काढली. पहिल्या पानावर तारीख, बीपी आणि आज्जी काय म्हणते, असे तीन रकाने आखलेत. तिसरा सगळ्यात रुंद ठेवलाय. आजपर्यंत त्यात दोनच नोंदी आहेत: 'उठल्यावर जरा गरगरतं' आणि 'चहात साखर कमी'. पहिली डॉक्टरबाईंना फोटो काढून पाठवली, दुसरी आईला.

पुढच्या भागात आईची थायरॉइडची गोळी. ती उपाशीपोटीच का घ्यायची, आणि आमच्या घरी त्यावरून रोज सकाळी चहाचं जे भांडण होतं त्यात रसायनशास्त्र कुणाच्या बाजूनं आहे, ते बघू. भेटूया.